बाल्कनीतली अडगळ आणि करपणारा कांदा

वाचकाचं पत्र, थोडं आटोपतं करून:

"ताई, बायकोच्या कामाची वेळ बदलली आणि संध्याकाळचं स्वयंपाकघर माझ्या गळ्यात पडलं. वय ५२. आजवर चहापलीकडे मजल गेली नव्हती. रोज व्हिडिओ बघून नवा पदार्थ करतो आणि रोज काहीतरी बिघडतं. कांदा एकतर कच्चा राहतो नाहीतर काळा होतो, भाताचा गोळा होतो. फ्रिजमध्ये अर्ध्या जुड्या सडतात. एकदा कढईतल्या तेलाने पेट घेतला. मी पाण्याचं भांडं उचललं होतं, मुलीने हात धरला. दुसरीकडे, काटकसर म्हणून बाल्कनीत टाकाऊतून बाग करायला घेतली. बाटल्या, पत्र्याचे डबे, आइस्क्रीमचे डबे, रंगाचे दोन डबे, एक टायर आणि एक लाकडी पॅलेट एवढं जमलंय. कोथिंबीर पेरली, ती लांबुळकी होऊन आडवी पडली. बायको म्हणते, 'बाल्कनीत एकतर ही अडगळ राहील नाहीतर मी.' मुलगी म्हणते, 'बाबांच्या हाताला चवच नाही.' खरंच काहींच्या हाताला चव नसते का? सुरुवात कुठून करू?

ता.क. राजमा मंद आचेवर दिवसभर शिजवायचं इलेक्ट्रिक भांडं घरात पडून आहे. सकाळी कोरडा राजमा टाकून दिला तर संध्याकाळी तयार मिळेल ना?
बाल्कनीतला बाबा"

बाबा, नमस्कार.

आधी त्या पेटलेल्या कढईचं बोलू. मुलीने हात धरला नसता तर हे पत्र कदाचित दुसऱ्या कुणाच्या हस्ताक्षरात आलं असतं. पेटलेलं तेल पाण्याच्या उकळबिंदूच्या कितीतरी वर तापलेलं असतं. त्यात ओतलेलं पाणी जड असल्यामुळे तळाशी जातं, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ जळतं तेल सोबत घेऊन वर उसळते. म्हणून गॅस बंद करायचा, कढईवर धातूचं सपाट झाकण सरकवायचं आणि कढई जागची हलवायची नाही. पूर्ण गार होईपर्यंत झाकण उचलून डोकावायचं नाही, हवा मिळाली की ते पुन्हा पेटतं. आग कढईबाहेर गेली असेल तर शौर्य नको. घरातल्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा. यापुढे तेल तापत ठेवाल तेव्हा झाकण हाताशी हवं आणि तुम्ही ओट्यापाशी. तेलातून धूर निघाला म्हणजे आच कमी करायची वेळ केव्हाच होऊन गेली.

आता मुलीचा शेरा. ज्यांच्या हाताला चव आहे असं आपण म्हणतो, त्या बहुतेक माणसांनी तेच ते पदार्थ, त्याच भांड्यात, त्याच माणसांसाठी वर्षानुवर्षं केलेले असतात. त्यांना मीठ मोजावं लागत नाही, कारण तोच डबा, तोच चमचा आणि तेवढीच डाळ रोजची झालेली असते. तुमच्याकडे मात्र सोमवारी एक पदार्थ, मंगळवारी दुसराच. म्हणजे रोज नव्या सायकलवर बसायचं आणि पहिल्या पायडलला पडलो म्हणून तोल नाही असं ठरवायचं. व्हिडिओ करणाऱ्यांना माझा राग नाही, पण त्यांचा कांदा कात्रीने सोनेरी होतो. मधली मिनिटं कापलेली असतात.

तेव्हा महिनाभर नवा पदार्थ बंद. तीनच गोष्टी करा: भात, डाळ आणि कांदा-टोमॅटोचा रस्सा. रश्श्यात त्या दिवशी फ्रिजमध्ये जे असेल ते जाईल. उकडलेली अंडी, बटाटा, मटार, फ्लॉवर, काहीही. दर वेळी एकच गोष्ट बदला. आज टोमॅटो जास्त, उद्या कांदा जास्त वेळ परतलेला, परवा आलं अधिक. दोन गोष्टी एकदम बदलल्या की चव कशाने सुधारली किंवा बिघडली ते कळत नाही. फ्रिजवर एक कागद लावून त्यावर रोज एक ओळ लिहा. "मीठ पाऊण चमचा, कमी पडलं." एवढंच. घरचे कुरकुरतील. त्यांना आधीच सांगून टाका की महिनाभर हेच आहे, आणि रोजचा तो एक बदल काय असावा ते मुलीला ठरवू द्या. ज्या पदार्थात आपला हात लागलेला असतो त्याला माणूस सहसा नावं ठेवत नाही.

तुमचा कांदा का फसतो ते मी जरा सविस्तर सांगते, कारण तो जमला की अर्धा स्वयंपाक जमला. कांद्यात साधारण ८९ टक्के पाणी असतं. हे पाणी निघून जात नाही तोवर कांद्याचा तुकडा १०० अंश सेल्सियसच्या वर तापतच नाही. खालून कितीही आच लावा, ती पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. आणि रंग धरायला, खरपूस वास यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास जावा लागतो. या खरपूस होण्यामागची रासायनिक क्रिया लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. तुम्ही आच मोठी ठेवता, तेव्हा पातळ कडा लगेच कोरड्या होऊन जळतात आणि जाड तुकड्यांत पाणी तसंच राहतं. म्हणून एकाच कढईत कच्चा आणि काळा कांदा दोन्ही.

तुकडे सारख्या जाडीचे करा, हे पहिलं. सुरी धारदार असू द्या. बोथट सुरी घसरते आणि बोटावर येते. कापायच्या फळीखाली ओलं फडकं घातलं की फळी हलत नाही. कढई पसरट घ्या. तीन कांदे लहानशा कढईत कोंबले तर ते परतले जात नाहीत, स्वतःच्याच वाफेत शिजतात. तेल तापलं की कांदा घाला, चिमूटभर मीठ टाका म्हणजे पाणी लवकर सुटेल, आणि आच मध्यम ठेवा. मग कान द्या. सुरुवातीला ओला, मोठा चरचराट असतो. पाच-सहा मिनिटांनी कांदा पारदर्शक होतो आणि आवाज बारीक, कोरडा होऊ लागतो, म्हणजे पाणी संपत आलं. इथून पुढे रंग भराभर बदलतो, म्हणून इथून पुढे फोन घ्यायचा नाही. सोनेरी व्हायला एकूण १२ ते १५ मिनिटं धरा. गडद तपकिरी, गोड, जवळजवळ मुरंब्यासारखा कांदा हवा असेल तर मंद आचेवर पाऊण तास लागतो आणि त्याला आडवाट नाही. तळाला तपकिरी चिकटायला लागलं तर घाबरू नका; चमचाभर पाणी टाकून उलथन्याने खरवडा, ते सगळं कांद्यात मिसळतं. चव तिथेच असते. काळं झालेलं मात्र कडूच राहतं. ते टाकून नवा कांदा घ्या, टोमॅटोखाली लपवायला जाऊ नका.

भाताचं दुखणं त्या मानाने साधं आहे. तांदूळ पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत धुवा. वाटीने मोजा, अंदाजाने नको. एका वाटीला पावणेदोन ते दोन वाट्या पाणी; तांदूळ जुना असेल तर थोडं जास्त. उकळी आली की आच अगदी बारीक, झाकण घट्ट, १२ ते १५ मिनिटं. मग गॅस बंद करून झाकण न उघडता आणखी दहा मिनिटं तसाच राहू द्या. या वेळात तळातला ओलावा वरच्या दाण्यांपर्यंत समान पसरतो. तुम्ही मधूनमधून झाकण उघडून ढवळत असणार, अशी मला दाट शंका आहे. ढवळल्याने दाणे मोडतात, पिठूळपणा सुटतो आणि गोळा होतो.

उरलेल्या भाताबद्दल मात्र कडक राहा. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास ओट्यावर कोमट पडला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. तेव्हा भात उथळ भांड्यात पसरून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवून टाका, तोही वाफा निघेपर्यंत गरम करून. बायको उशिरा येते तर तिचं ताट वाढून झाकून ठेवण्यापेक्षा फ्रिजमध्ये ठेवा आणि आल्यावर गरम करा. प्रेम तेवढंच दिसतं.

मीठ शेवटी घालायचं असं नाही, पण शेवटचं मीठ शेवटी घालायचं. थोडं आधी, चव बघून थोडं नंतर. खारट झालंच तर बटाटा टाकून मीठ शोषलं जातं हा समज सोडा. बटाटा पाण्यासोबत थोडं मीठ घेतो, पण उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. पाणी, टोमॅटो किंवा आणखी डाळ घालून प्रमाण वाढवा, खारटपणा पातळ होईल.

आता सडणाऱ्या जुड्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचा हिशेब आहे: जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साधारण ६० टक्के घरांमधून. त्यामुळे तुम्ही एकटे नाही, पण तुमच्याकडे कारण अगदी स्पष्ट दिसतं. तुम्ही आधी पदार्थ निवडता आणि मग सामान आणता. प्रत्येक पदार्थाला अर्धी जुडी लागते, उरलेली अर्धी पुढच्या पदार्थात बसत नाही. तीनच पदार्थांवर आलात की हे आपोआप कमी होईल. कोथिंबीर-पुदिन्याची जुडी आणली की पिवळी पानं काढा, देठांची टोकं कापा, पेलाभर पाण्यात उभी करा, वर सैल पिशवी घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. पाणी दोन दिवसांनी बदला. कोथिंबिरीचे देठ फेकू नका, पानांपेक्षा वास त्यांना जास्त; बारीक चिरून डाळीत घाला.

तुमच्या बागेचं काय चुकलं तेही या जुडीवरूनच कळतं. तुम्ही डब्यांपासून सुरुवात केलीत. डबे आहेत म्हणून काहीतरी लावायचं, असं. रश्श्यात रोज काय पडतं ते आधी बघा, तेवढंच लावा. महिनाभर पातीचा कांदा, पुदिना आणि कोथिंबीर पुरे.

पातीच्या कांद्यापासून सुरू करा, कारण तो नापास होऊ देत नाही. पात चिरताना मुळांसकट बोटभर पांढरा भाग ठेवा. पेल्यात मुळं बुडतील एवढंच पाणी घालून खिडकीत उभा करा. दोन-तीन दिवसांत मधून हिरवी कोंब वर येते. पाणी एक दिवसाआड बदला, नाहीतर बुळबुळीत होऊन वास मारतं. दोनदा पात कापून झाली की कांदा थकतो, मग त्याला मातीत लावा. पुदिन्याची काडी घ्या, खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत मुळं फुटतात. पुदिन्याला कायम वेगळा डबा द्या. तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

तुमची कोथिंबीर लांबुळकी होऊन पडली ती उजेड कमी पडल्यामुळे. रोप उजेडाच्या शोधात ताणत गेलं आणि खोडात बळ उरलं नाही. बाल्कनीत ज्या कोपऱ्यात रोज पाच-सहा तास ऊन येतं तो कोपरा शोधा. तिथे टायर ठेवलेला असेल तर आश्चर्य वाटायला नको. रोपं मातीलगत बारीक, काळपट होऊन कोसळली असतील तर मात्र कारण वेगळं: माती सतत ओली राहून बुरशी लागली. पाणी घालण्याआधी बोट पेरभर मातीत खुपसा. ओलं लागलं तर पाणी नको, रोजच्या ठरल्या वेळेला तर मुळीच नको. धणे पेरताना हलकेच रगडून दोन भाग करा, प्रत्येकात दोन बिया असतात. उगवायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, तोवर उकरून बघू नका.

आता अडगळीचा निकाल लावू. टायर जाऊ द्या. त्याच्या रबरात जी रसायनं असतात ती खायच्या झाडाजवळ नकोत, शिवाय आत पाणी साचून डास होतात. रंगाचे डबेही जाऊ द्या, जुन्या रंगात शिसं असू शकतं. पॅलेटच्या लाकडावर शिक्का शोधा. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते बाहेर काढा. शिक्काच नसेल किंवा वर काहीतरी सांडल्याचे डाग असतील तरीही बाहेर. आइस्क्रीमचे डबे रोपं तयार करायला चांगले, पण उन्हात काही महिन्यांत ठिसूळ होतात. त्यांच्यावर जीव लावू नका.

पत्र्याच्या डब्याला तळाला तीन-चार भोकं हवीतच. खिळा ठोकताना तळ आत दबतो आणि तिथे पाणी साचतं. त्यावर युक्ती: डबा पाऊण भरून फ्रीझरमध्ये ठेवा, पाणी गोठलं की पालथा घालून खिळा ठोका. बर्फाचा आधार असल्यामुळे पत्रा चेपत नाही. काठ धारदार असेल तर पक्कडीने आत दुमडा. पत्रा उन्हात फार तापतो, म्हणून बाहेरून जुनं फडकं किंवा सुतळी गुंडाळा, दिसतंही बरं. आणि तळाशी खडे घालू नका. खड्यांनी निचरा सुधारतो असं सगळे सांगतात, पण बारीक मातीतलं पाणी मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही. ते खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ अडून राहतं. भोकावर जुन्या जाळीचा तुकडा पुरे.

बाटल्यांपैकी चार चांगल्या ठेवा आणि त्यांची आपोआप पाणी घेणारी कुंडी करा. बाटली मधोमध आडवी कापा. झाकणाला मधे भोक पाडून त्यातून जुन्या सुती बनियनची वीतभर पट्टी ओवा, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. झाकण घट्ट लावून वरचा भाग खालच्या भागात उलटा बसवा. माती भरताना पट्टी मधोमध उभी धरा. ती तळाला गोळा होऊन बसली तर पाणी वर चढणार नाही. खाली पाणी भरा आणि पहिल्यांदा वरूनही माती भिजेपर्यंत घाला, म्हणजे पट्टी ओली होऊन काम सुरू करेल. पुढे मातीला हवं तेवढं पाणी पट्टीतून वर चढत राहतं. खालच्या भागाला गडद कागद गुंडाळा, नाहीतर पारदर्शक बाटलीत आठवड्याभरात शेवाळ धरतं. दर आठवड्याला खालचं पाणी ओतून, बाटली विसळून नवं भरा. अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून हा आठवडा चुकवू नका. सुती पट्टी काही महिन्यांत कुजते, तेव्हा दुसरी.

केळीच्या सालींचं पाणी, मातीवर टाकलेली अंड्याची टरफलं वगैरे उपाय तुमच्या व्हिडिओंत आले असतीलच. टरफलं मातीत विरायला फार काळ घेतात, आणि सालीच्या पाण्याने चिलटं मात्र नक्की येतात. हे सगळं खताच्या डब्यात टाका. ओल्या सालींच्या एका थराला दोन-तीन पट सुका पाला किंवा फाडलेला कागद. वास आला तर ओल जास्त झाली, कागद वाढवा. शिजवलेलं आणि तेलकट त्यात नको.

बायकोचं म्हणणं मला पटतं. तिला भाषण देऊ नका, एक खोकं दाखवा. रिकाम्या डब्या-बाटल्यांसाठी एवढंच खोकं, झाकण लागलं पाहिजे, आणि आत नवीन काही टाकायचं तर जुनं एक बाहेर. ज्या वस्तूत या आठवड्यात माती पडणार नाही ती भंगारात. हे काम ती घरी यायच्या आत उरका, म्हणजे चर्चा होणार नाही.

ता.क. राजमा कोरडा टाकून मुळीच नको. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं, थोडे कच्चे दाणेही पोटात गेले तर काही तासांत जोराच्या उलट्या होतात. मंद आचेच्या भांड्यातलं तापमान बऱ्याचदा ते नष्ट होण्याइतकं चढत नाही, उलट अर्धवट गरमीने विषारीपणा वाढूही शकतो. निदान पाच तास, किंवा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून उकळा. उकळी आल्यापासून पूर्ण दहा मिनिटं मोजा, तेव्हाही झाकण काढून बुडबुडे खरंच फुटताहेत का ते बघा. त्यानंतर तुमच्या इलेक्ट्रिक भांड्यात टाकून दिवसभर निघून गेलात तरी चालेल. भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ घातलंत तर सालं मऊ होतात.